सोन्याच्या दागिन्यांची जकात: हिशेब आधी ग्रॅमात, पैशात शेवटी

जकात अडीच टक्के, हे आपल्या सगळ्यांना पाठ असतं. अडीच टक्के कशाचे, हे विचारलं की घरातली चार माणसं चार उत्तरं देतात. कोणी पावतीवरच्या रकमेचे म्हणतं, कोणी आजच्या भावाचे, कोणी फक्त तिजोरीत पडून असलेल्या दागिन्यांचे, तर कोणी म्हणतं अंगावरच्या सोन्याला जकात नसतेच. (मराठीत जकात म्हटलं की अनेकांना नाक्यावरचा जुना कर आठवतो. ही ती नव्हे. ही इस्लामच्या पाच स्तंभांपैकी तिसरा, नमाजेइतकीच फर्ज, म्हणजे बंधनकारक.)

पहिल्या वर्षी मी स्वतः सगळा घोळ घातला होता. स्वयंपाकघरातल्या काट्यावर खड्यांसकट हार तोलला, जुन्या पावत्यांची बेरीज केली, त्यात घडणावळही धरली, आणि मुलीचं सोनं माझ्यात मिसळलं. आकडा आला तो कशाचाच नव्हता. तेव्हापासून एकच शिस्त पाळते: शेवटच्या पायरीपर्यंत पैशाचा विचार करायचा नाही. मालकी, वजन, कस (शुद्धता), निसाब (जकात लागू होण्याची किमान मर्यादा) हे सगळं ग्रॅमात उरकायचं आणि मगच भाव बघायचा. खालचा क्रम त्याच शिस्तीचा आहे.

बसण्याआधी हाताशी घ्या

• दागिने तोलायचा बारीक काटा, ०.०१ ग्रॅम दाखवणारा. स्वयंपाकघरातला काटा एक-दोन ग्रॅम सहज इकडेतिकडे करतो, आणि निसाबाच्या सीमेवर तेवढ्यानं निकाल फिरतो. काटा नसेल तर सराफाकडून तोलून घ्या.
• भिंग. शिक्क्याचे आकडे डोळ्यांना दिसत नाहीत.
• खरेदीच्या पावत्या. त्यातली रक्कम नको, फक्त ग्रॉस वजन, नेट वजन आणि कॅरेट हवं.
• हिजरी तारखा दाखवणारं कॅलेंडर.
• रोकड, बँकेतली शिल्लक, चांदी, दिलेली उसनवारी आणि फेडायचं देणं यांची यादी.
• एक वही. पुढच्या वर्षी तीच तुमचं निम्मं काम करेल.

१. आधी मालक ठरवा

जकात कुटुंबावर नसते, एकेका व्यक्तीवर असते. म्हणून तिजोरीतलं सगळं सोनं एकत्र तोलणं ही पहिली चूक. सासूचे ४० ग्रॅम, सुनेचे ३० आणि नणंदेचे २५ मिळून ९५ होतात, पण केवळ सोन्याच्या हिशेबानं यातली एकही बाई निसाबाला पोहोचत नाही. उलट एकट्या सुनेचेच ९५ असतील तर ती पोहोचते, मग घरात बाकी कोणाकडे काही असो वा नसो.

मेहेरमध्ये, म्हणजे निकाहात नवऱ्याकडून हक्कानं, मिळालेलं सोनं बायकोचं. तिची जकात तिच्यावर. नवऱ्यानं तिच्या वतीनं भरली तर चालते, पण तिला सांगून, तिच्या संमतीनं. न विचारता परस्पर दिली तर वाद नको म्हणून आधीच बोलून घ्या.

सगळ्यात अवघड प्रकार म्हणजे 'मुलीसाठी ठेवलेलं'. इथे स्वतःला सरळ प्रश्न विचारा: हे सोनं तिला देऊन टाकलं आहे, की पुढे द्यायचं मनात आहे? मनात असेल तर ते अजून तुमचंच, तुमच्या हिशेबात धरा. खरंच तिच्या नावे करून टाकलं असेल तर ते तिचं. मग ती अल्पवयीन असेल तर हनफी मतानं तिच्या सोन्यावर जकात नाही, इतर तीन मजहबांत (इस्लामी कायद्याच्या परंपरांत: मालिकी, शाफई, हंबली) आहे आणि ती पालकानं तिच्या मालातून काढायची. एक गोष्ट मात्र जमत नाही: जकातीच्या वेळी 'ते मुलीचं' आणि अडचणीच्या वेळी 'ते माझं'. एकदा दिलं की ते मोडायचा हक्क तुम्हाला राहत नाही.

२. वापरातल्या दागिन्यांबद्दल तुमचा मजहब काय म्हणतो

इथे मतभेद खरा आहे आणि जुना आहे. हनफी मतानं सोनं हे सोनंच: रोज घाला, सणाला घाला, की डब्यात ठेवा, निसाब भरला की जकात. मालिकी, शाफई आणि हंबली मतांचा प्रचलित कौल असा की बाईच्या नेहमीच्या, जायज (धर्मानं परवानगी असलेल्या) वापरातल्या दागिन्यांवर जकात नाही.

दोन्ही बाजूंना आधार आहे. हातात सोन्याची जाड कडी घातलेल्या मुलीला घेऊन एक बाई पैगंबरांकडे (स.) आली, तेव्हा त्यांनी याची जकात देतेस का असं विचारलं, आणि नाही म्हटल्यावर आगीच्या कड्यांचा इशारा दिला. अबू दाऊद या संग्रहातली ही हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतीची नोंद) हनफी आलिम (धर्मपंडित) पुढे ठेवतात. दुसरीकडे पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा (र.) आपल्या सांभाळातल्या, भावाच्या अनाथ मुलींच्या दागिन्यांची जकात काढत नसत, आणि पैगंबरांचे सोबती हजरत इब्न उमर (र.) आपल्या मुलींच्या दागिन्यांची काढत नसत, असं इमाम मालिक यांच्या मुवत्ता या हदीससंग्रहात आलं आहे.

सूट मानणाऱ्या मजहबांतही ती सरसकट नाही. गुंतवणूक म्हणून साठवलेले दागिने, नाणी, बिस्किटं आणि वळी, पुरुषाच्या अंगावरचं सोनं (ते मुळात त्याला जायज नाही) आणि रीतीच्या पलीकडे जाणारा डोलारा या सगळ्यावर जकात आहेच.

माझा सल्ला एवढाच: तुम्ही नमाज-रोज्यात ज्या मजहबानं चालता त्याच मतानं इथेही चाला आणि दर वर्षी तेच ठेवा. सोनं कमी होतं तेव्हा हनफी आणि वाढलं की शाफई, हा खेळ नको. मी हनफी पद्धतीनं काढते, म्हणून पुढचा हिशेब मुख्यतः तसा आहे. जिथे फरक पडतो तिथे सांगेन.

३. खडे, मोती, लाख बाजूला करा

हिरे, माणिक, मोती, पोवळी यांवर जकात नाही, जोवर तुम्ही त्यांचा व्यापार करत नाही. त्यामुळे त्यांचं वजन वजा. आत भरलेली लाख, मणी, दोरे हेही वजा. पावतीवर नेट वजन लिहिलेलं असेल तर काम सोपं. नसेल तर सराफ अंदाज देऊ शकतो.

इथे 'कॅरेट' हा शब्द हमखास फसवतो. सोन्याचं कॅरेट म्हणजे शुद्धता, २४ पैकी किती भाग. खड्याचं कॅरेट म्हणजे वजन, आणि १ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. पावतीवर हिरे ५ कॅरेट असतील तर ५ ग्रॅम वजा करू नका, १ ग्रॅम करा.

पांढरं सोनं सोन्यातच धरा. तो सोन्याचाच मिश्रधातू आहे. प्लॅटिनम धरू नका. वर नुसता मुलामा दिलेल्या दागिन्यातलं सोनं वेगळं काढता येण्याजोगं नसतं, ते सोडून द्या.

४. कस लावा

शिक्क्यावरचे आकडे असे वाचायचे: ९९९ म्हणजे २४ कॅरेट, ९१६ म्हणजे २२, ७५० म्हणजे १८, ५८५ म्हणजे १४. शुद्ध सोनं काढायला नेट वजनाला कॅरेटनं गुणा आणि २४ नं भागा.

एक पूर्ण उदाहरण घेऊ.

• बांगड्या, २२ कॅरेट, ४८ ग्रॅम: शुद्ध ४४ ग्रॅम
• हार, २२ कॅरेट, ३६ ग्रॅम, त्यात खडे ४ ग्रॅम, नेट ३२: शुद्ध २९.३३ ग्रॅम
• कानातले, १८ कॅरेट, नेट ८ ग्रॅम: शुद्ध ६ ग्रॅम
• नाणं, २४ कॅरेट, १० ग्रॅम: शुद्ध १० ग्रॅम

नेट वजन ९८ ग्रॅम, शुद्ध सोनं ८९.३३ ग्रॅम. हे दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवा, पुढच्या पायरीला दोन्ही लागतात.

५. निसाब भरतो का ते पाहा

निसाब म्हणजे ती किमान मर्यादा, जिच्याखाली जकात लागू होत नाही. सोन्याचा निसाब मूळ २० दीनार किंवा २० मिस्काल. आजच्या वजनात त्याचे दोन आकडे चालतात. एक ८५ ग्रॅम, दीनार ४.२५ ग्रॅमचा धरून. दुसरा ८७.४८ ग्रॅम, म्हणजे साडेसात तोळे.

तोळ्याच्या नावावर जो सापळा आहे त्यात मी स्वतः अडकले होते. आज आपण तोळा म्हणताना १० ग्रॅम म्हणतो. निसाबाचा तोळा जुना, ११.६६४ ग्रॅमचा. नव्या तोळ्यानं साडेसात म्हणजे ७५ ग्रॅमच होतात, आणि जकात लागू नसलेली बाई स्वतःला साहिबे-निसाब (निसाबाइतक्या मालाची धनी) समजून बसते. जुन्या माणसांनी 'माझं इतके तोळे सोनं' असं सांगितलं तर कुठला तोळा ते विचारा, नाहीतर सरळ तोला.

आता नेट धरायचं की शुद्ध? हनफी फिकहमध्ये (धर्मशास्त्रात) ज्या मिश्रणात सोनं निम्म्याहून जास्त, ते सगळं सोन्याच्याच हुकमात. म्हणजे २२, १८, अगदी १४ कॅरेटचंही पूर्ण नेट वजन निसाबासाठी धरतात. ९ कॅरेटमध्ये सोनं ३७.५ टक्केच, ते यात बसत नाही. इतर मतांत फक्त शुद्ध सोनं मोजतात. त्या हिशेबानं ८५ ग्रॅम गाठायला २२ कॅरेटचे ९२.७३ ग्रॅम किंवा १८ कॅरेटचे ११३.३३ ग्रॅम हवेत.

वरच्या उदाहरणात दोन्ही आकडे निसाबाच्या वर आहेत, म्हणून प्रश्न नाही. पण नाणं नसतं तर? नेट ८८, शुद्ध ७९.३३. नेट धरलं तर जकात आहे, शुद्ध धरलं तर नाही. अशा सीमेवर असाल तर आलिमांना विचारताना 'माझं सोनं साधारण ८८ ग्रॅम' एवढंच म्हणू नका. दोन्ही आकडे द्या, म्हणजे त्यांना उत्तर देता येईल.

६. सोनं एकटं आहे का?

ही पायरी बहुतेक जण गाळतात. माझ्या मते सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

तुमच्याकडे फक्त सोनंच असेल, चांदी नाही, रोकड नाही, विकायचा माल नाही, तर सोन्याचाच निसाब लागू. पण सोन्याबरोबर बँकेत शिल्लक असेल किंवा चांदीचे पैंजण असतील, तर हनफी मतानं सगळ्यांची किंमत एकत्र करतात आणि ती चांदीच्या निसाबाशी ताडतात. चांदीचा निसाब २०० दिरहम, म्हणजे ५९५ ग्रॅम किंवा, साडेबावन्न जुन्या तोळ्यांनी, ६१२.३६ ग्रॅम. चांदी सोन्यापेक्षा इतकी स्वस्त आहे की ही मर्यादा सोन्याच्या मर्यादेच्या कितीतरी खाली येते. म्हणून ४० ग्रॅम सोनं आणि थोडी शिल्लक असलेली बाई 'माझं कुठे साडेसात तोळे आहे' म्हणून निश्चिंत बसते, आणि प्रत्यक्षात तिच्यावर जकात फर्ज झालेली असते.

शाफई मतानं सोनं आणि चांदी एकमेकांत मिळवत नाहीत. नोटांच्या बाबतीत निसाब सोन्याचा धरायचा की चांदीचा, यावर आजच्या आलिमांत दोन्ही मतं आहेत. गरिबांच्या हिताचा म्हणून चांदीचा धरणारे बरेच आहेत.

देणं वजा करायचं तर हनफी मतानं तातडीचं, लगेच फेडायचं देणं वजा होतं. वीस वर्षांच्या घरकर्जाची पूर्ण रक्कम वजा करून स्वतःला गरीब ठरवू नका. आजचे बरेच आलिम फार तर चालू वर्षाचे हप्ते वजा करू देतात. दागिने गहाण असतील तर मजहबागणिक उत्तर बदलतं: हनफी मतानं गहाणात अडकलेल्या सोन्यावर जकात नाही, इतरांकडे मालक देतो. हा प्रश्न नेमका विचारून घ्या.

७. वर्ष कोणतं, तारीख कोणती

निसाब भरल्यापासून एक चांद्रवर्ष, म्हणजे हौल, उलटलं की जकात. हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, इंग्रजी वर्षापेक्षा ११ दिवसांनी लहान. तुम्ही दर १ जानेवारीला हिशेब करत राहिलात तर ३३ वर्षांत जवळजवळ एका पूर्ण वर्षाची जकात निसटते. इंग्रजी तारीखच सोयीची असेल तर काही आलिम दर २.५ ऐवजी २.५७७ टक्के धरायला सांगतात. मला हिजरी तारीख धरणं सोपं वाटतं.

पहिल्यांदा निसाब कधी भरला हे आठवत नसेल, आणि बहुतेकांना नसतंच, तर लग्नाची किंवा मोठ्या खरेदीची तारीख धरून अंदाज बांधा, एक हिजरी तारीख पक्की करा आणि ती बदलू नका. ती रमजानातच असावी असं नाही. रमजानात सवाब (पुण्य) जास्त म्हणून लोक तेव्हा देतात, पण तुमची तारीख सफर महिन्यात येत असेल तर रमजानपर्यंत लांबवू नका. आगाऊ मात्र देता येते.

मध्येच घेतलेल्या नव्या बांगडीचं वेगळं वर्ष मोजावं लागत नाही. हनफी मतानं ती आधीच्या सोन्यात मिळते आणि त्याच तारखेला हिशेबात येते. वर्षाच्या मध्ये सोनं निसाबाखाली गेलं आणि शेवटी पुन्हा भरलं, तरी हनफी मतानं वर्ष तुटत नाही. इतर मतांत वर्षभर निसाब टिकायला हवा.

८. आता कुठे भाव बघा

शुद्ध वजनाला ४० नं भागा. आपल्या उदाहरणात ८९.३३ ÷ ४० = २.२३ ग्रॅम शुद्ध सोनं. एवढी तुमची जकात. तिला तुमच्या तारखेच्या २४ कॅरेटच्या १ ग्रॅमच्या भावानं गुणा.

हनफी पद्धतीनं नेट ९८ ग्रॅमवर हिशेब केलात तर २.४५ ग्रॅम येतील, पण ते मिश्र सोन्याचे. प्रत्येक दागिन्याचा चाळिसावा भाग त्याच्याच कॅरेटच्या भावानं लावलात की रक्कम जवळपास तीच येते. कोणती पद्धत, याचा फरक निसाब भरण्या-न भरण्यात पडतो, रकमेत फारसा नाही.

इथले सापळे:

• शुद्ध वजन काढून झाल्यावर पुन्हा २२ कॅरेटचा भाव लावणं. कस दोनदा वजा होतो आणि जकात कमी जाते.
• भाव १० ग्रॅमचा असतो आणि आपण तो १ ग्रॅमचा समजतो, किंवा उलट. आंतरराष्ट्रीय भाव औंसात असेल तर सोन्याचा औंस ३१.१०३५ ग्रॅमचा.
• खरेदीची किंमत धरणं. पंधरा वर्षांपूर्वी काय दिलं याला अर्थ नाही, आजचा भाव धरा.
• घडणावळ आणि कर मिळवणं. जकात सोन्यावर आहे, कारागिरीवर नाही.

मोड घालायला गेल्यावर सराफ घट कापतो. आज विकलं तर हातात येईल तो भाव धरा, असं सांगणारे आलिम आहेत. मी घट कापत नाही, सरळ बाजारभाव धरते. वाद टळतो आणि आकडा फार बदलत नाही.

९. हातात पैसे नसतील तर

दागिने अंगावर, पण स्वतःची कमाई नाही, अशा बायकांचा प्रश्न खरा आहे आणि 'काहीतरी विकून टाक' हे उत्तर ऐकायला जड जातं. पण वाटा आहेत. नवऱ्यानं किंवा भावानं तुमच्या वतीनं, तुमच्या संमतीनं द्यावी. वर्षभर थोडी थोडी आगाऊ देऊन टाकावी, प्रत्येक वेळी जकातीची नियत करून. किंवा सोनंच द्यावं: २.२३ ग्रॅम म्हणजे एखादं छोटं नाणं किंवा तुटलेली बाळी. मी एका वर्षी जोडी हरवलेलं कानातलं तसंच देऊन टाकलं होतं, उरलेले काही मिलिग्रॅम पैशात.

मागची वर्षं राहिली असतील तर ती माफ होत नाहीत, पण हिशेब वाटतो तेवढा अवघड नाही. १०० ग्रॅम शुद्ध सोनं तीन वर्षं तसंच राहिलं असं धरा. पहिल्या वर्षाचे २.५ ग्रॅम. ते देणं झालं म्हणून दुसऱ्या वर्षी ९७.५ वर, म्हणजे २.४४. तिसऱ्या वर्षी ९५.०६ वर २.३८. एकूण ७.३१ ग्रॅम. असं वजा करत निसाबाखाली आलात की तिथे थांबायचं.

१०. कोणाला द्यायची

कुराणात सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत आठ हक्कदार सांगितले आहेत: त्यात फकीर, मिस्कीन (दोन्ही गरीब, गरजू), कर्जात बुडालेले, वाटेत अडकलेले प्रवासी हे आपल्याला सहज भेटणारे. आई-वडील, आजी-आजोबा, मुलं, नातवंडं यांना देता येत नाही. गरजू भाऊ, बहीण, मावशी, काका यांना देता येते, आणि त्यात नातं सांभाळल्याचाही सवाब आहे. हनफी मतानं घेणाऱ्याला मालक करून देणं जरूर आहे, त्यामुळे मशिदीच्या बांधकामाला जकात चालत नाही. तिथे वेगळं दान द्या. आणि फित्रा (रमजान ईदच्या आधी द्यायचं दान) निराळा, तो दिला म्हणून जकात फिटत नाही.

देताना मनात नियत हवी. समोरच्याला 'ही जकात आहे' असं सांगायची गरज नाही. भेट म्हणून, ईदी म्हणून हातात ठेवलीत तरी होते.

दिल्यावर वहीत लिहा: हिजरी तारीख, प्रत्येक दागिन्याचं नेट वजन आणि कॅरेट, शुद्ध बेरीज, त्या दिवसाचा भाव, दिलेली रक्कम. माझ्या वहीत तिसऱ्या वर्षापासून फक्त भावाची ओळ बदलते, आणि नवं काही घेतलं असेल तर एक ओळ वाढते.